पोट आवळतंय, पण कळा सुरू झाल्यात का?

सातवा-आठवा महिना सरत आला की पोट अधूनमधून आवळायला लागतं. बसल्या जागी सगळं पोट टणक होतं, अर्धा-एक मिनिट तसंच राहतं आणि आपोआप सैल पडतं. पहिलटकरीण घाबरते. घरातले तिच्याहून जास्त घाबरतात. आई बॅग काढते, सासूबाई स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट सांगायला लागतात आणि नवरा गाडीची किल्ली शोधत फिरतो.

हे आवळणं बहुतेक वेळा गर्भाशयाचा सराव असतो. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून दवाखान्यात कधी ‘ब्रॅक्स्टन हिक्स’ असं कानावर पडतं. घरात खोट्या कळा म्हणतात. खोट्या म्हटलं तरी पोट खरंच आवळतं आणि काहींना चांगलं दुखतंही. त्यामुळे ‘दुखतंय म्हणजे खऱ्या कळा’ हा हिशेब बरेचदा चुकतो. एकट्यादुकट्या कळेवरून काही ठरत नाही. तास-दोन तासांत त्या कळा कशा चालतात, यावरून ठरतं. मात्र काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर कळा मोजत बसायचंच नाही. आधी त्या बघू.

घड्याळ हातात घेण्याआधी

खालीलपैकी काहीही असेल तर कळा खऱ्या की सरावाच्या, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा:

- पाळीसारखं लाल रक्त जातंय. दुखत नसलं तरीही. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली, तोंडाजवळ असेल तर अजिबात न दुखता रक्त जाऊ शकतं.
- पोट टणक झालंय ते सैल पडतच नाही, दुखणं एकसारखं चालू आहे. कळ येते आणि जाते. न जाणारं दुखणं वेगळं, आणि ते धोक्याचं असू शकतं.
- अंगावरून पाणी गेलंय, मग कळा असोत वा नसोत.
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झालीय किंवा थांबलीय.
- डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा चमकतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, चेहरा आणि हात एकाएकी सुजलेत. हे बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं. झटका आला तर एक मिनिटही दवडू नका.
- ताप आहे, किंवा जाणाऱ्या पाण्याला घाण वास येतोय.
- आधीचं सिझर आहे, जुळं आहे, बाळ पायाळू किंवा आडवं आहे, किंवा सोनोग्राफीत वार खाली सांगितली आहे, आणि आता कळा ठराविक वेळाने येऊ लागल्यात.
- ३७ आठवडे भरलेले नाहीत आणि पोट पुन्हा पुन्हा आवळतंय.

हालचालीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं, जागाच कुठे असते त्याला हलायला’ हे घरोघरी ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळवळ आणि ढकलणं जाणवतं, पण हालचाल कमी होत नाही. शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पडा आणि मोजा. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत तर रात्र असली तरी निघा. बाळ अजिबात हलत नसेल तर मोजण्यात दोन तास घालवूच नका.

दिवस किती भरलेत, ते आठवड्यांत सांगता येऊ द्या

आपल्याकडे ‘नववा लागला’ म्हटलं की बाळ कधीही आलं तरी चालेल असं धरून चालतात. पण नववा लागला म्हणजे आठ महिने पूर्ण झाले, म्हणजे जेमतेम ३५ आठवडे. पूर्ण दिवसांचं बाळंतपण ३७ आठवड्यांच्या पुढे. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा जुना हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरला तर डॉक्टरांच्या २८० दिवसांच्या जवळपास येतो, तेवढा तो बरोबर आहे. तुमच्या कार्डावर किंवा पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर संभाव्य तारीख लिहिलेली असते. त्या तारखेच्या तीन आठवडे आधीचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या खुणेच्या अलीकडे तासात चार-पाच वेळा पोट आवळलं, कंबर मंद पण सतत दुखत राहिली, ओटीपोटात खाली दाब आल्यासारखं वाटलं किंवा अंगावरून पातळ, लालसर स्राव गेला, तर ‘सराव असेल’ म्हणून झोपून राहू नका. अपुऱ्या दिवसांच्या कळा वेळेवर कळल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येतं आणि जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशा ठिकाणी पोहोचायला वेळ मिळतो.

खुणेच्या पलीकडे असाल आणि वरच्या यादीतलं काही नसेल, तरच पुढचं वाचा.

पहिली पायरी : हे नक्की पोट आवळणंच आहे ना?

तळहात बेंबीच्या वर, पोटाच्या शेंड्यावर सपाट ठेवा. आवळलेलं गर्भाशय कपाळाला हात लावल्यावर लागतं तसं टणक लागतं, आणि दोन्ही बाजूंना सारखंच. एकाच बाजूला उंचवटा आलाय, बोटांखालून सरकतोय, तर ते बाळाचं ढुंगण किंवा पाय. कूस बदलताना, खोकताना जांघेत सुरी खुपसल्यासारखी चमक निघून लगेच जाते, ती गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या ताणल्याची. गॅसची कळ जागा बदलत फिरते आणि वारा सरला की बरं वाटतं. लघवीला जळजळ होत असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. लघवीच्या जंतुसंसर्गानेही पोट वारंवार आवळतं आणि त्याला औषध लागतं.

दुसरी पायरी : लघवी, पाणी, कूस

आधी लघवीला जाऊन या. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला चिडवतं. मग दोन ग्लास पाणी, ताक किंवा लिंबू सरबत, घाई न करता. शरीरात पाणी कमी पडलं की पोट आवळतं, आणि वैशाखातल्या उन्हात दिवसभर लग्नाला बसून आलेल्या बाईला संध्याकाळी असंच होतं. नंतर जे करत होतात त्याच्या उलट करा: उभ्याने कामं चालली असतील तर डाव्या कुशीवर पडा, पडून असाल तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. कोमट पाण्याने अंघोळ केली तर फारच छान.

सरावाच्या कळा एवढ्यावर बहुतेक वेळा विरतात. त्या संध्याकाळी, दमल्यावर, जिने चढल्यावर, नवरा-बायकोच्या संबंधानंतर जास्त येतात. खऱ्या कळांना तुमच्या बसण्या-उठण्याचं काही पडलेलं नसतं. चालल्यावर उलट जोर धरतात.

तिसरी पायरी : मोजा, पण नीट मोजा

एवढं करूनही आवळणं चालूच असेल तर वही घ्या. मोबाइलवरचं अॅपही चालतं, पण वही बरी. नवऱ्याच्या हातात देता येते आणि चार्जिंग संपत नाही. दोन गोष्टी लिहायच्या: कळ कधी सुरू झाली आणि कधी संपली. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. इथे बरेच जण चुकतात. १०.०० ला कळ आली, १०.०१ ला गेली, पुढची १०.०६ ला आली, तर अंतर सहा मिनिटांचं आणि लांबी एका मिनिटाची. पाच मिनिटांचं अंतर नव्हे.

एका तासाची नोंद अशी दिसली: १०.००, १०.१२, १०.१७, १०.४०, ११.०५. कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. हा सराव. आणि अशी दिसली: २.००, २.०९, २.१७, २.२४, २.३१, २.३७. अंतर हळूहळू कमी होतंय, ताल सुटत नाही. ही सुरुवात असण्याची शक्यता मोठी. त्यात कळांची लांबीही तीस-चाळीस सेकंदांवरून साठ सेकंदांकडे चालली असेल तर आणखी पक्कं.

रात्रभर प्रत्येक कळ लिहीत बसू नका. एक तास लिहा, वही मिटा, झोपा किंवा काही खा, कळांचा रंग बदलला असं वाटलं की पुन्हा एक तास. पहिल्या रात्री वहीची चार पानं भरणारी बाई खऱ्या कामाच्या वेळी थकून गेलेली असते.

चौथी पायरी : बोलता येतंय का?

आकड्यांबरोबर बाईकडे बघा. हे काम सोबतच्या माणसाचं. कळ आलेली असताना ती गप्पा मारतेय, फोन बघतेय, वाक्य न तोडता बोलतेय, तर अजून अवकाश आहे. ती वाक्याच्या मध्येच थांबते, डोळे मिटते, ओट्याला किंवा दाराच्या चौकटीला धरून उभी राहते आणि कळ गेल्यावरच पुढचं बोलते, तर गाडी पुढे सरकलीय.

दुखण्याची जागाही काही सांगते. सरावात बहुतेक वेळा पोट पुढूनच आवळतं. खरी कळ बरेचदा कंबरेतून निघते, दोन्ही बाजूंनी पुढे ओटीपोटात येते, कधी मांड्यांत उतरते. पण यावर एकट्यावर विसंबू नका, काही जणींना सगळं पुढेच जाणवतं आणि काही जणींची फक्त कंबर मोडून येते.

आता खरी अडचण. सराव आणि बाळंतपण यांच्या मध्ये एक लांब, अस्पष्ट पट्टा आहे. गर्भाशयाचं तोंड आधी मऊ पडतं, पातळ होतं, मग उघडायला लागतं. हे होत असताना कळा येतात, चार तास ताल धरतात, पहाटे थांबतात, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सुरू होतात. पहिलटकरणीत हे बरेच तास, कधी दोन-दोन दिवसही चालतं. या काळात ‘खऱ्या की खोट्या’ हे घरी कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, अनुभवी सुईणीलाही नाही. आतून तपासून तोंड किती उघडलं ते बघितल्यावरच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत बाळंतपणाचा जोमाचा टप्पा पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरला आहे, आणि पूर्ण उघडणं म्हणजे १० सेंटिमीटर. त्या पाचच्या अलीकडचा बराचसा वेळ, सगळं ठीक असेल तर, घरीच बरा जातो. फार लवकर दाखल झालं की खाटेवर पडून राहावं लागतं, दर थोड्या वेळाने ‘अजून काहीच प्रगती नाही’ ऐकावं लागतं आणि मग कळा वाढवण्याची, सिझरची भाषा लवकर सुरू होते.

अंगावरून काय जातंय?

घट्ट, चिकट, गुलाबी किंवा तपकिरी रक्ताचे धागे असलेला स्राव गेला तर गर्भाशयाच्या तोंडाशी असलेलं बूच सुटलं असं समजा. चांगली खूण आहे, पण घाईची नाही: कळा त्याच दिवशी येतील किंवा आठवडाही जाईल. आदल्या दिवशी आतून तपासणी झाली असेल तर त्यामुळेही थोडा डाग दिसतो.

पाण्याची गोष्ट वेगळी. पाणमोट फुटली की कधी धो-धो पाणी येतं, पण बरेचदा नुसतं थेंब-थेंब पाझरतं आणि बाईला वाटतं, लघवी निसटली. पारख अशी: लघवी करून या, स्वच्छ कोरडा पॅड लावा, अर्धा तास पडून राहा, मग उभ्या राहा. उठल्याबरोबर पुन्हा ओलं झालं आणि लघवीचा वास नसेल तर पाणी आहे असं धरा आणि दवाखान्यात जा. वेळ आणि रंग लक्षात ठेवा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, तेव्हा अजिबात थांबू नका. पाणी गेल्यावर जितके तास जातात तितकी जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून पॅडशिवाय काही वापरायचं नाही आणि घरच्या कोणी आतून हात घालून बघायचं नाही. पाण्याबरोबर योनीतून नाळेसारखं काही बाहेर आलेलं जाणवलं, तर गुडघे आणि छाती जमिनीला टेकून ढुंगण वर करून राहा, नाळेला हात लावू नका आणि १०८ ला फोन लावा. क्वचित होतं, पण घरात एकाला तरी ठाऊक असावं.

घरी थांबलात तर

खा. मऊ भात-तूप, पेज, मुगाची खिचडी, केळं, खजूर, जे पोटाला हलकं असेल ते. पाणी पीत राहा आणि दर दोन तासांनी लघवीला जा. दिवस असेल तर थोडं चाला, रात्र असेल तर झोपा. रात्री अंगणात फेऱ्या मारून कळा ‘आणण्याचा’ हट्ट नको. कळ आली की श्वास लांब सोडा. कंबर कोणी तळहाताने दाबून दिली तर फार बरं वाटतं, आणि आई-सासूच्या हाताला ते जमतं तसं कोणाला जमत नाही.

काय करायचं नाही तेही स्पष्ट सांगते. एरंडेल पिऊ नका. जुलाब आणि उलट्या लागून अंगातलं पाणी जातं. स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका, नवव्या महिन्यात त्यातल्या काही बाळाला बाधतात. ‘जोर काढ, जोर काढ’ म्हणणाऱ्यांना खोलीबाहेर पाठवा. तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर काढून बाई फक्त दमते. आणि घरी येऊन कळा वाढवायचं इंजेक्शन देणारा कोणीही असो, त्याला दारातूनच परत लावा. ते औषध दवाखान्यात, बाळाचे ठोके बघत, सलाइनमधून थेंब मोजून देतात. घरी टोचलं तर गर्भाशय फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

निघायचं कधी?

पहिलटकरणीसाठी सर्रास सांगितला जाणारा हिशेब असा: कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ एक मिनिट टिकणारी, आणि हे तासभर तसंच चालू. दवाखाना अर्ध्या तासाच्या आत असेल तर हा हिशेब ठीक. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

घाट उतरायचा आहे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं, किंवा ठाण्याहून मुंबईत सकाळी नऊला जायचं आहे, तर आठ-दहा मिनिटांच्या अंतरावरच निघा. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तरीही तसंच. सरावाच्या कळा अशा बायकांना लवकर आणि जास्त जाणवतात हे खरं, पण ताल एकदा बसला की पुढचं भराभर होतं. काही आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं, तारखेच्या काही दिवस आधी तिथे राहता येतं. पाडा लांब असेल तर आशाताईंना आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात जायला आणि बाळाला घेऊन परत यायला १०२ ची गाडी मोफत मिळते. तातडीचं असेल तर १०८.

माहेरी आलेल्यांनी एक काम आधीच उरकायचं. सासरच्या गावची फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बँक पासबुक एका पिशवीत घालून माहेरच्या दवाखान्यात एकदा दाखवून यायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कागद सगळ्यात वर.

फोनवर आणि दवाखान्यात

निघण्याआधी फोन करा आणि शक्यतो बाईने स्वतः बोलावं. अनुभवी सिस्टर तिच्या बोलण्यावरूनही अंदाज बांधतात. सांगायचं ते एवढंच: किती आठवडे झाले, कितवं बाळंतपण, कळांचं अंतर आणि लांबी, पाणी किंवा रक्त गेलं का, बाळ हलतंय का, आधी सिझर, बीपी, साखर वगैरे काही आहे का.

तिथे पोट तपासतील, बाळाचे ठोके ऐकतील किंवा पट्टे लावून मशीनवर बघतील, आणि आतून तपासतील. ‘दोन बोटं उघडलंय’ म्हणजे साधारण तीन-चार सेंटिमीटर. कधी दोन-तीन तास थांबवून पुन्हा तपासतात. फरक पडला नाही तर घरी पाठवतात. अशी घरी परतलेली बाई पहिली नसते आणि शेवटचीही नाही. ‘उगाच धावाधाव केली’ असं कोणी बोललंच तर मनावर घेऊ नका, आणि पुढच्या वेळी जायला लाजू नका.

उठून येण्याआधी मात्र विचारून घ्या: आता तोंड किती उघडलंय, बाळाचे ठोके ठीक आहेत ना, कोणत्या अंतराला परत यायचं, आणि रात्री फोन कोणत्या नंबरवर लावायचा. उत्तरं कार्डाच्या मागे तारीख-वेळ घालून लिहा. पुढच्या खेपेला ड्यूटीवर दुसऱ्याच सिस्टर असतील, त्यांना तीच ओळ आधी दाखवायची.